दादाभाई नौरोजी मार्ग आणि त्याआधीचा हॉर्नबी रोड: हा रस्ता नेमका कसा घडला?

शोधयात्री

नमस्कार. मुंबईच्या फोर्ट भागातील दादाभाई नौरोजी मार्गाचा इतिहास मी जुळवतो आहे आणि काही ठिकाणी अडलो आहे. महात्मा फुले मंडईपासून, म्हणजे जुन्या क्रॉफर्ड मार्केटपासून, निघून बोरीबंदरच्या स्थानकावरून (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) हुतात्मा चौकापर्यंत जाणारा हा रस्ता स्वातंत्र्यापूर्वी हॉर्नबी रोड म्हणून ओळखला जात होता, एवढे सर्वांना ठाऊक आहे. माझे प्रश्न त्यापुढचे आहेत.

पहिला प्रश्न असा की हा रस्ता किल्ल्याच्या आत होता, की तटबंदी पाडल्यावर तिच्या जागेवर तो नव्याने आखला गेला? दोन्ही विधाने मी वाचली आहेत आणि दोन्ही तितक्याच ठामपणे केलेली आढळतात. दुसरा प्रश्न हॉर्नबी यांच्याविषयी आहे. वरळीजवळचा समुद्राचा बांध ज्यांच्या नावाने ओळखला जातो तेच हे गव्हर्नर की दुसरे कोणी? तिसरा प्रश्न इमारतींचा आहे. इतक्या निरनिराळ्या मालकांनी आणि निरनिराळ्या शैलींत बांधलेल्या इमारती असूनही हा रस्ता एकसंध दिसतो, याच्यामागे काही योजना होती का? शेवटचा प्रश्न कागदपत्रांचा आहे. या रस्त्यावरील एका जुन्या दुकानाच्या भाडेपट्ट्यात ‘लॉटन यांचा सर्व्हे क्रमांक’ असा उल्लेख आहे, पण कागदावरचे वर्ष वाचता येत नाही. त्या उल्लेखावरून काळाचा काही अंदाज बांधता येईल का?

जुना नकाशा

आपण वाचलेली दोन्ही विधाने आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण आज आपण ज्याला एक रस्ता म्हणतो तो मुळात एक नव्हता. त्याचा दक्षिणेकडचा भाग आणि उत्तरेकडचा भाग यांची जन्मकथा वेगळी आहे. ती समजण्यासाठी आधी कोट डोळ्यांसमोर आणावा लागतो.

गव्हर्नर चार्ल्स बून यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७१५ ते १७२२ या काळात, मुंबईच्या इंग्रज वसाहतीभोवती तट उभा राहिला. त्याला तीन प्रमुख दरवाजे होते: दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्च गेट आणि उत्तरेला बाजार गेट. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि इंग्रजांची झोप उडाली. तटाबाहेर खंदक खणण्याचे काम त्या धास्तीतून हाती घेतले गेले, आणि त्यासाठी कोटातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी दिली. तटासमोर मारा करायला मोकळी जागा हवी म्हणून पुढे पश्चिमेला आणि उत्तरेला विस्तीर्ण मैदान राखले गेले, ते एस्प्लनेड. कोटाच्या आत दाट वस्ती, बाहेर खंदक, त्यापलीकडे मोकळे रान आणि मग बाहेरकोटची वस्ती, अशी ती रचना होती. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटात भीषण आग लागली, उत्तरेकडची दाट वस्ती मोठ्या प्रमाणात जळाली, आणि बाहेरकोटच्या वाढीला त्यानंतर खरा जोर आला.

हॉर्नबी हे नाव धारण करणारा मूळ रस्ता या तटाच्या आत होता आणि तो अरुंद होता. आजच्या रस्त्याची रुंदी आणि त्याचे दिमाखदार रूप यांचा त्या जुन्या गल्लीशी फारसा संबंध नाही. १८६० च्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी तट पाडायला घेतला. तोफांच्या नव्या युगात त्याचा लष्करी उपयोग संपला होता, आत हवा खेळत नव्हती, आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या व्यापारातून शहरात पैशाचा पूर आला होता. तट पडला, खंदक बुजला, आणि आतल्या अरुंद रस्त्याला रुंद होण्यासाठी पश्चिमेकडे जागा मिळाली.

उत्तरेकडच्या भागाचे मात्र तसे नाही. बाजार गेट आजच्या बोरीबंदर स्थानकाच्या परिसरात होते, म्हणजे तिथून महात्मा फुले मंडईपर्यंतचा सगळा पट्टा कोटाबाहेरच्या मैदानातला. म्हणूनच त्या टप्प्यात आपल्याला जुनी पेढी किंवा जुने घर दिसत नाही. दिसतात त्या तट पडल्यानंतरच्या मोठ्या सार्वजनिक संस्था. १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. कला महाविद्यालयाची इमारत, अंजुमन-ए-इस्लामची शाळा, १८६९ मध्ये पूर्ण झालेली मंडई, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी उभारलेले रेल्वे स्थानक आणि त्यांनीच उभारलेली, १८९३ मध्ये पूर्ण झालेली महापालिकेची इमारत, हे सगळे त्या मोकळ्या जमिनीवर आले.

दक्षिण टोकाचीही एक खूण सांगतो. हुतात्मा चौकातले फ्लोरा फाउंटन हे १८६४ चे कारंजे जुन्या चर्च गेटच्या जागी उभे आहे. दरवाजा गेला आणि त्याचे नाव पश्चिमेकडच्या रेल्वे स्थानकाने उचलले. सेंट थॉमस चर्चकडे जाणारा तो दरवाजा, म्हणून ते नाव. आज चर्चगेट स्थानकात उतरणाऱ्याला त्या नावाचा दरवाजा कारंज्याच्या जागी होता हे सांगूनही चटकन पटत नाही. मुंबईत नावे जागा बदलतात. हॉर्नबी हे नावही गल्लीवरून असेच त्या मोठ्या रस्त्यावर पसरले.

सह्यकडा

हॉर्नबी यांच्याविषयी लिहितो. होय, दोन्ही ठिकाणचे हॉर्नबी एकच. विल्यम हॉर्नबी १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरत असे आणि बेटांमधला मोठा सखल प्रदेश पाण्याखाली जात असे. ते खिंडार बंद करणाऱ्या बांधाला हॉर्नबी वेलार्ड असे नाव मिळाले, आणि परंपरेने त्याच्या पूर्णतेचे वर्ष १७८४ मानले जाते. त्या बांधावरून जाणारा रस्ता आज लाला लजपतराय मार्ग आहे. म्हणजे एका गव्हर्नरच्या नावाचे दोन रस्ते होते, आणि त्यांपैकी एक दादाभाईंना आणि दुसरा लालाजींना मिळाला.

मात्र मराठी वाचकाने हॉर्नबी यांच्याकडे फक्त बांध घालणारा गव्हर्नर म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. आपल्या इतिहासात हे गृहस्थ फार महत्त्वाच्या जागी उभे आहेत, आणि तरीही त्यांचे नाव आपल्याकडे त्या संदर्भात क्वचितच घेतले जाते. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर रघुनाथराव आश्रयासाठी इंग्रजांकडे वळले, तेव्हा मुंबईच्या गादीवर हॉर्नबीच होते. १७७४ च्या डिसेंबरात त्यांच्या सरकारने ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी (मुंबईच्या उत्तरेचे बेट) मराठ्यांच्या हातून गेली. पुढच्या वर्षी रघुनाथरावांशी सुरतेचा तह झाला, तोही मुंबई सरकारनेच केला, कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलची पूर्वसंमती न घेता. या धोरणाची परिणती १७७९ च्या जानेवारीत वडगावला झाली. पुण्यावर चालून निघालेल्या इंग्रज फौजेला महादजी शिंदे आणि पेशव्यांच्या सरदारांनी तळेगाव-वडगावच्या परिसरात कोंडले आणि इंग्रजांना नामुष्कीचा करार करावा लागला. तो करार हॉर्नबी यांनी नंतर नाकारला आणि युद्ध पुढे चालू राहिले.

‘जुना नकाशा’ यांनी खंदकाची गोष्ट सांगितली आहे, तिच्याशी हे जोडून पाहावे. मराठ्यांच्या धास्तीने जो तट खंदकाने मजबूत केला, त्याच तटाच्या आतल्या रस्त्याला वडगावच्या वेळच्या गव्हर्नरचे नाव होते. या रस्त्याच्या इतिहासाचा एक पदर सरळ पुण्यापर्यंत जातो, आणि वारसा म्हणून त्याच्यावर लिहिणारे बहुतेक लोक तो पदर उलगडतच नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कमानीखाली

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही, कारण या रस्त्याचा मला सर्वांत प्रिय असलेला भाग तोच आहे. आपण विचारलेली योजना होती, आणि ती एका अटीत सामावलेली होती. १८९६ मध्ये असा नियम झाला की या रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या इमारतींनी तळमजल्याला रस्त्याच्या बाजूने पादचाऱ्यांसाठी कमानींचा छत असलेला मार्ग ठेवलाच पाहिजे. वरचे मजले कसे असावेत, कोणत्या शैलीत असावेत, शिखरावर घुमट असावा की त्रिकोणी कपाळपट्टी, हे मालकाने आणि वास्तुविशारदाने ठरवावे. खाली मात्र चालणाऱ्याला सावली मिळाली पाहिजे.

बहुतेक इमारती १८८५ ते १९१९ या सुमारे ३५ वर्षांत उभ्या राहिल्या. कोणी निओगॉथिक, कोणी निओक्लासिकल, कोणी इंडो-सारासेनिक. त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे डोक्याच्या वर सलग धावणारी कमानींची ओळ. आपण कधी भर पावसात हुतात्मा चौकाकडून बोरीबंदरकडे पश्चिमेच्या बाजूने चालत या. छत्री बराच वेळ मिटूनच ठेवता येते. चालताना पायाखालची फरशी इमारतीगणिक बदलते, कुठे एक पायरी वर चढावे लागते, कुठे खाली उतरावे लागते, खांबांची जाडी बदलते, कमान कधी टोकदार असते तर कधी अर्धगोल. आणि तरी वाट तुटत नाही. खांबाच्या तळाशी बहुतेक वेळा गडद बेसॉल्ट दिसेल आणि वर मालाडचा पिवळसर दगड. कोरीव कामासाठी त्या काळी पोरबंदरहून येणारा मऊ दगड वापरत, कारण त्याच्यावर छिन्नी सहज चालते. त्याची झीजही त्यामुळेच लवकर होते, आणि अनेक पाने-फुले आज पुसट झाली आहेत.

वाटेत जे. एन. पेटिट वाचनालय लागते. त्याची संस्था १८५६ ची आणि इमारत १८९८ ची, म्हणजे नियमानंतर अवघ्या दोन वर्षांची. याच रस्त्यावर वाच्छा अग्यारी, म्हणजे पारशी अग्निमंदिर, आहे. तिच्या दारावरचे पंख असलेले बैल जरूर पाहावेत. कोटातली पारशी वस्ती, त्यांच्या पेढ्या आणि त्यांचे दानधर्म यांचे हे पुरावे आजही चालते-बोलते आहेत.

एक कटू भागही सांगितला पाहिजे. नंतरच्या काळात दुकानांच्या पाट्यांनी या कमानी झाकल्या गेल्या. कमानीची चावी, म्हणजे मधला दगड, जिथे असतो नेमक्या तिथेच पत्र्याची किंवा प्लास्टिकची पाटी ठोकलेली असे, वातानुकूलन यंत्रे खांबांवर लटकत, आणि आतली वाट सामानाने भरलेली असे. १९९५ च्या वारसा नियमावलीनंतर या रस्त्यासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली. पाटी कमानीच्या आत बसवावी, तिचा आकार मर्यादित असावा, वास्तूचा भाग झाकला जाऊ नये, असे साधे नियम होते. दुकानदारांशी बोलून, त्यांना पटवून ते काम केले गेले, आणि त्या प्रयत्नाची युनेस्कोने २००४ मध्ये आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत दखल घेतली. एकट्यादुकट्या इमारतीऐवजी अख्ख्या रस्त्याची दर्शनी बाजू जपण्याचा विचार आपल्याकडे तेव्हा नवा होता. तो पुढे इतर रस्त्यांवर तितक्या जोमाने गेला नाही. काळबादेवीकडे पाहिले तरी हे कळते.

शोधयात्री

तिघांचेही मनःपूर्वक आभार. वडगावचा संदर्भ माझ्या लक्षातच आला नव्हता. उत्तरे वाचून आणखी दोन प्रश्न पडले. फलकावर दादाभाईंच्या नावामागे ‘डॉ.’ असते, ते कशामुळे? आणि या विशिष्ट रस्त्याशी त्यांचा काही संबंध होता, की स्वातंत्र्यानंतर थोर पुरुषांची नावे देण्याच्या ओघात त्यांचे नाव इथे आले?

फोर्टनिवासी

‘डॉ.’ चे कारण सरळ आहे. मुंबई विद्यापीठाने १९१६ मध्ये दादाभाईंना एल्‌एल. डी., म्हणजे कायद्यातील डॉक्टरेट, ही सन्माननीय पदवी दिली. त्यांचे वय तेव्हा ९० च्या पुढे गेले होते. पुढच्याच वर्षी, ३० जून १९१७ रोजी त्यांचे निधन झाले.

संबंधाविषयी बोलायचे तर, दादाभाई या शहराचे होते हा पहिला संबंध. ४ सप्टेंबर १८२५ रोजी त्यांचा जन्म मुंबईत झाला, एल्फिन्स्टन संस्थेत ते शिकले आणि तिथेच गणिताचे प्राध्यापक झाले. १८९२ मध्ये ते लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ब्रिटिश संसदेत निवडून गेले आणि काँग्रेसचे तीन वेळा अध्यक्ष झाले, हे आपल्याला शाळेत शिकवले जाते. ते मुंबई महापालिकेचे सभासद होते हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. विहार तलावाच्या पाणीयोजनेच्या कर्जापोटी पालिकेवर किती बोजा टाकला जातो आहे, याचा हिशेब त्यांनी आकड्यांनिशी तपासला होता. भारतातून इंग्लंडकडे वाहून जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडणारा माणूस आपल्या शहराच्या पाण्याचा हिशेबही त्याच चिकाटीने मांडत होता. ज्या रस्त्यावर महापालिकेची इमारत उभी आहे त्याला त्यांचे नाव असणे मला तरी अत्यंत उचित वाटते, मग नाव देणाऱ्यांच्या मनात हे कारण असो वा नसो. रस्त्याच्या दक्षिण टोकाला त्यांचा पुतळाही आहे.

नाव बदलण्याविषयी या चर्चेत कोणी थेट बोललेले नाही, म्हणून माझे मत नोंदवतो. हॉर्नबी यांचे नाव काढले हे योग्यच झाले. कंपनीच्या गव्हर्नरांची नावे इथल्या लोकांना विचारून दिलेली नव्हती. परंतु नवे नाव देताना जुन्याची नोंद जागेवर ठेवण्याची पद्धत आपण लावून घेतली नाही. त्यामुळे जुन्या दस्तऐवजात हॉर्नबी रोड, वॉडबी रोड, मेडोज स्ट्रीट असे वाचल्यावर तरुण वकिलालाही जागा सापडत नाही. वॉडबी रोड म्हणजे आजचा हजारीमल सोमाणी मार्ग आणि मेडोज स्ट्रीट म्हणजे नगीनदास मास्टर मार्ग, हे माहितीच्या माणसाला विचारावे लागते. फलकावर खाली लहान अक्षरांत ‘पूर्वीचा हॉर्नबी रोड’ एवढे लिहिले तरी पुष्कळ आहे.

सह्यकडा

‘फोर्टनिवासी’ यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, पण फलकावर जुने नाव लिहिण्याबाबत सहमत नाही. फलक हा मान देण्याची जागा आहे. हॉर्नबी यांची नोंद माहितीफलकावर असावी, तिथे खंदक, साष्टी, वडगाव हे सगळे लिहावे. नुसते नाव लिहिले तर ते पुन्हा गौरवासारखे वाचले जाईल. शिवाय सर्वच जुनी नावे परकी नव्हती, याचेही भान ठेवले पाहिजे. याच मार्गाच्या पूर्वेला असलेली गनबो स्ट्रीट ही जगन्नाथ शंकरशेट यांचे पूर्वज गणबाशेट यांच्या नावाची. तिचे आता रुस्तम सिधवा मार्ग झाले आहे. तिथे इंग्रजी वळणाच्या नावाखाली एक मराठी माणूस दडला होता आणि बदलात तो गेला. जुन्या नावांची यादी करताना प्रत्येक नाव स्वतंत्रपणे तपासावे लागते.

जुना नकाशा

भाडेपट्ट्याचा प्रश्न राहिला होता. कर्नल लॉटन यांनी मुंबईची मोठ्या प्रमाणावरची भूमापन मोजणी १८६५ ते १८७२ या काळात केली. त्यामुळे ज्या कागदात लॉटन यांचा सर्व्हे क्रमांक आहे तो त्या मोजणीनंतरचा, एवढे निश्चित धरावे. मात्र उलट बाजूची मर्यादा त्यावरून मिळत नाही, कारण मुंबईच्या मिळकतींच्या दस्तांत हा क्रमांक पुढे अनेक दशके, नव्या नगर भूमापन क्रमांकाच्या जोडीने, लिहिला जात राहिला. आपल्या कागदात दोन्ही क्रमांक आहेत की फक्त लॉटन यांचा, हे आधी पाहावे. दोन्ही असतील तर कागद विसाव्या शतकातला असण्याची शक्यता बरीच वाढते. दस्तात चतुःसीमा दिलेल्या असतील तर त्याही बारकाईने वाचाव्यात. पश्चिमेला सरकारी मोकळी जमीन आहे की दुसऱ्याची इमारत, यावरून त्या बाजूची बांधकामे सुरू होण्याआधीचा काळ की नंतरचा, ते ताडता येते. तळमजल्याच्या वर्णनात कमानींच्या वाटेचा उल्लेख असेल तर ‘कमानीखाली’ यांनी सांगितलेला १८९६ चा नियम हाताशी आहेच.

लॉटन यांच्या नकाशांवर एकेका घराची हद्द दिसते. काळा घोडा भागातल्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आहे. चौकशीची सुरुवात तिथून करावी. जाताना भाडेपट्ट्याची छायाप्रत आणि आजचा नगर भूमापन क्रमांक जवळ ठेवावा. तो मिळकत पत्रिकेवर सापडेल, आणि त्यावरून नकाशाचा नेमका तुकडा शोधणे सोपे जाईल.